किल्ल्याखालचं घर

ट्रॉय, मिशिगन
२ ऑक्टोबर १९८८

प्रिय लतिकाताई,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

आमच्या शेजारी हेलेना राहते, अडुसष्ट वर्षांची. मूळची चेकोस्लोव्हाकियातल्या स्पिश नावाच्या डोंगराळ मुलखातली. १९४७ साली नवऱ्यामागे अमेरिकेत आली, ती परत गेलीच नव्हती. आता एकदा गाव बघायचं म्हणाली. गुडघे साथ देईनात, मुलाला सुट्टी मिळेना, म्हणून मागच्या महिन्यात तिच्याबरोबर मी गेले.

ताई, बस एका वळणावरून बाहेर पडली आणि मी बोलता बोलता थांबले. समोर मोकळ्या माळावर एकच टेकडी आणि तिचा सगळा माथा व्यापून पांढुरक्या दगडाचा पडका किल्ला. बस चालत होती, तरी तट संपेनात. आपण राजगड पाहिलाय, पण आपले गड सह्याद्रीच्या रांगेत मिसळून जातात. हा आठशे वर्षं उघड्यावर एकटा उभा आहे. दोनशे वर्षांपूर्वी आगीत जळाला, तरी बघताना हात आपोआप जोडले गेले.

हेलेनाचं गाव त्याच्या पायथ्याशी. पण ती म्हणाली, आधी वर जाऊ. काठी टेकत, दर वीस पावलांवर बसत आम्ही चढलो. वर वारा असा की पदर आवरेना. खाली लाल कौलांची घरं, कांद्याच्या आकाराच्या कळसाचं चर्च, दूरवर निळे उंच डोंगर. तिनं एका धुराड्याकडे बोट दाखवलं. तिथं तिची थोरली बहीण झुझाना राहते. हेलेना गेली तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. सहा वर्षं झुझानानं एकटीनं केलं. त्यानंतर दोघींत एक शब्द नाही. भारतीय शेजारणीला घेऊन येतेय असं हेलेनानं कळवलं होतं, उत्तर आलं नव्हतं. "पाहिलं घर, पुरे झालं. चल परत," असं म्हणून ती दगडावर बसून राहिली.

तासाभरानं डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी धापा टाकत वर आली. साडीतली बाई किल्ल्यावर गेली, हे गावभर झालं होतं. ती हेलेनासमोर उभी राहिली आणि दोनच शब्द बोलली. मी अर्थ विचारला. हेलेना रडत म्हणाली, "सूप गार होतंय."

झुझानाच्या लाकडी घरात टेबलावर तीन ताटल्या मांडलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी झुझानानं आम्हांला चर्चमध्ये नेलं. पिढ्यान्‌पिढ्या चुन्याखाली दडलेली भिंतीवरची चित्रं तिथं आता मोकळी केली आहेत. मी मान वर करून किती वेळ उभी होते, कोण जाणे. मागे त्या दोघी हात धरून बसल्या होत्या.

ताई, आईच्या शेवटच्या आजारात मी रजा मिळत नाही असं लिहिलं होतं. रजा मिळाली होती. आईला तशा अवस्थेत बघायची मला भीती वाटली, आणि सगळं तुझ्या एकटीवर पडलं. आई गेल्यावर तू लिहिलंस, आता आलीस तरी काय उपयोग. ते खरंच होतं. आठ वर्षं मी त्याच वाक्याच्या आड लपले. चौदा जानेवारीचं मुंबईचं तिकीट काढलंय. सोळाला दुपारच्या एस.टी.नं संगमनेरला उतरेन. या पत्राला उत्तर लिहू नकोस. उत्तराची वाट बघत बसले, तर माझा धीर जाईल.

तुझीच, चुकलेली धाकटी
शरयू