सूनबाईंची शपथ आणि माझं लॅमिंग्टन

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
१४ ऑगस्ट २०१६

तीर्थस्वरूप सुधाकरराव यांना,

काशिनाथचा साष्टांग नमस्कार. (इथल्या वाऱ्यात तो आपोआपच घडतो.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमची बहीण सरोज ठणठणीत आहे आणि माझ्यावर तिचं बारीक लक्ष आहे.

खरं तर सूनबाईंची तक्रार करायला बसलो होतो, पण आता तक्रार उरलेली नाही. आमची सुरुची इथल्या दवाखान्यात नर्स. जॉन्सनव्हिलची निम्मी मराठी मंडळी तिच्याकडून बीपी मोजून घेतात, आणि घरी येऊन ती सांगते काय, तर भेंडी महागली. मागच्या महिन्यात आमच्या मंडळाचे अध्यक्ष रमणराव तिथे बसलेले मी बसमधून पाहिले. कशाला आले होते, एवढंच विचारलं, तर म्हणाली, "बाबा, मी शपथ घेतली आहे." (पुण्याला कॉलेजात, हातात दिवा धरून. फोटो हॉलमध्येच आहे, मला तो स्नेहसंमेलनातला वाटायचा.) घरातल्या घरात कसली शपथ, म्हणून मी दोन दिवस अबोला धरला. माणूस आजारी पडला की भेटून यायचं, ही आपली रीत. तेव्हा अंदाजानेच संत्री घेतली, चेहरा पाडला आणि रमणरावांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीला धीर दिला. बाई रडायलाच लागल्या. नर्सचा सासरा संत्री घेऊन आला म्हणजे त्याला आतली बातमी असणार, असं त्यांना वाटलं. रमणराव फक्त फ्लूची लस टोचून घ्यायला गेले होते, हे त्यांनी स्वतः येऊन सांगितलं म्हणून निभावलं. नाहीतर माझ्या संत्र्यांपायी पोरीच्या नोकरीवर गदा आली असती. ती मला एका शब्दाने बोलली नाही. मला फार लाज वाटली.

पुढच्याच आठवड्यात मला चक्कर आली. (सकाळच्या फेरीत मी कोपऱ्यावरच्या दुकानात, म्हणजे इथल्या भाषेत डेअरीत, एक लॅमिंग्टन खातो. चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात लोळवलेला केक. रोज एकच. क्वचित दोन.) सुरुचीची सुट्टी समजून गुपचूप दवाखान्यात गेलो, तर समोर तीच उभी. घरच्यांना तपासायचं नाही, हाही त्यांचा नियम, म्हणून तिने मला दुसऱ्या नर्सच्या हवाली केलं. साखर बरीच वाढलेली निघाली. सरोजला कळलं तर माझी सकाळची फेरी कायमची बंद, म्हणून मी सुरुचीला अक्षरशः हात जोडले.

"मी कुणालाही सांगणार नाही," ती म्हणाली. "पण बाबा, आईंना तुम्ही सांगा."

संध्याकाळी सरोजने मी उतरलेला का दिसतो म्हणून तिलाच विचारलं. पोरगी मान खाली घालून मटार सोलत राहिली. सुधाकरराव, त्या फोटोला मी मनोमन नमस्कार केला. अशी सून मिळायला भाग्य लागतं.

आपला,
काशिनाथ

ता. क. – खरं काम राहिलंच. ऑक्टोबरात येताना डिंकाचे लाडू आणणार आहात, ते विसरा. सरोजला मात्र मी नको म्हटल्याचं सांगू नका.

ता. क. २ – दादा, मी सरोज. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं. लाडू खरंच आणू नकोस. मार्चपासून मीही त्याच दवाखान्यात साखरेसाठी जाते आहे. "बाबांना तुम्ही सांगा," असं सुरुचीने मलाही सांगितलं होतं, त्याला पाच महिने झाले. उद्या यांच्याबरोबर फिरायला जाऊन सांगून टाकते. मात्र डेअरीच्या अलीकडेच सांगायला हवं, कारण तो दुकानदार मला नावाने हाक मारतो.