तिसरं लेक्चर

प्रिय ताई,

गेल्या महिन्यात मी शिकवते त्या ऑनलाइन वर्गाच्या यादीत तुझं नाव दिसलं. एकसष्टाव्या वर्षी पदवीला नाव घातलंस, तेही मला न सांगता!

आपली ती वर्षं आठवली. मी दिवसभर कापडाच्या दुकानात, तू कॉलेजात. पहिल्या बाकावर टेपरेकॉर्डर ठेवून तू माझ्यासाठी तास भरून आणायचीस. पोरी फिदीफिदी हसायच्या.

"हसू देत गं. तू नीट ऐक," म्हणायचीस.

त्या कॅसेटी ऐकून मी बाहेरून परीक्षा दिली, पास झाले. पुढच्या वर्षी आई अंथरुणाला खिळली आणि तू कॉलेज सोडलंस. खरं तर माझीही पाळी होती घरी थांबायची. कळत होतं मला, पण गप्प राहिले.

कोणी किती पाहिलं, ते आम्हाला संगणकावर दिसतं. तिसरं लेक्चर तू चारदा लावलंस आणि दर वेळी बाराव्या मिनिटाला थांबलीस. मी ते ऐकलं. बाई गं, काय धावत सुटले होते मी! काल रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यापुढे बसून तेवढा भाग पुन्हा सांगितला, सावकाश, तुझ्याशी बोलावं तसा, आणि रात्रीच जुन्याच्या जागी टाकला.

हे पत्र धाडणार नाही. मला कळलंय म्हटल्यावर तू लाजून नाव काढून घेशील.

आज दुपारी माझे डोळे भरून आलेले पाहून शेजारच्या टेबलावरच्या सरांनी विचारलं, "काय झालं?"

म्हटलं, "काही नाही. माझी एक विद्यार्थिनी चौथ्या लेक्चरला पोचली."

तुझीच,
धाकटी