रोज एक फोटो, कडा कातरून

सोमवार, ४ फेब्रुवारी

आले एकदाची! दोन बॅगा, शिलाई मशीन आणि मी, एवढा संसार मुलाच्या दारात उतरवला तेव्हा नातीने अख्खा मजला डोक्यावर घेतला. तिचं खरं नाव सूनबाईंनी पुस्तकांतून शोधून शोधून ठेवलेलं आहे. मी तिला ठकी म्हणते. सूनबाईंना ते आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणते.

मला मागची खोली मिळाली. एकटीपुरता पलंग, भिंतीतलं कपाट आणि चांगली मोठी खिडकी. माझं राहतं घर मी देऊन टाकलं, आता परतीची वाट नाही, पण आज त्याचं काही वाटलं नाही. जेवताना ठकी माझ्या ताटातलं खात होती आणि मुलगा हसत होता. पूर्वी पाहुणी म्हणून यायचे तेव्हा तिघांची अंथरुणं आत आणि माझं बाहेर हॉलमध्ये असायचं. आता स्वतःची खोली. मजा आहे बुवा.

बुधवार, ६ फेब्रुवारी

जन्मभर लोकांचे कपडे बेतले, कापले, शिवले. आता हात शिवशिवतात. मुलाने त्याचा जुना कॅमेरा आणि जुना लॅपटॉप माझ्या गळ्यात मारला आणि सांगितलं की खाली कोपऱ्यावर स्टुडिओ आहे, तिथे शिकाऊ लोकांना शिकवतात. माझी कटकट टळावी म्हणून सांगितलं हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही, पण गेले.

स्टुडिओवाल्याला सगळे मास्तर म्हणतात. वाळलेला, स्वच्छ माणूस. टेबलावर धुळीचा कण नाही. त्यांची पद्धत साधी आहे. रोज एक फोटो काढायचा. त्यात कडेला जे नको ते आलेलं असतं, ते लॅपटॉपवर कातरायचं. कातरलेलाच फोटो ठेवायचा आणि मूळचा पुसून टाकायचा. मूळ जपून ठेवणारा कधी शिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला गंमत वाटली. आम्ही शिवणारे लोक चिंधीसुद्धा टाकत नाही.

घरी कोण कोण असतं म्हणून विचारलं तर मास्तर थोडा वेळ खरोखर विचार करत बसले. मग म्हणाले, आठवत नाही. बोलायला मिश्कील आहेत.

रविवार, १० फेब्रुवारी

काल खिडकीतून समोरच्या लाल छपराचा फोटो काढला. उजव्या अंगाला विजेचा खांब आला होता, वेडावाकडा, तारांचं जंजाळ घेऊन. कातरला. मास्तरांनी फोटो सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, बाईंचा हात कात्रीला सरावलेला आहे. कौतुक ऐकून किती वर्षं झाली! घरी येताना हवेत तरंगत होते.

खांब नगरपालिकेने लगेच काढून नेला वाटतं. आज सकाळी दिसला नाही. मुलाला म्हटलं, तर तो म्हणाला, या रस्त्याच्या तारा पहिल्यापासून जमिनीखालून आहेत, खांब कसला? सूनबाईंनी माझ्या चष्म्याचा विषय काढला. त्यांना विषयच हवा असतो.

बुधवार, १३ फेब्रुवारी

समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ रोज सकाळी त्यांचं केसाळ कुत्रं फिरवतात. काल बाकाचा फोटो काढताना त्या कुत्र्याची शेपटी आणि मागचे पाय आत आले. कातरले.

आज सकाळी ते गृहस्थ एकटेच फिरत होते. कुत्रं आजारी आहे का म्हणून विचारलं. ते म्हणाले, मी कधी कुत्रं पाळलं नाही, केसांचा त्रास होतो. पण चालताना उजवा हात पुढे धरला होता, मूठ वळलेली. मध्येच थांबायचे, वाट बघितल्यासारखे, आणि पुन्हा चालायचे.

माझं काहीतरी चुकत असेल. नवी जागा, नवी माणसं.

रविवार, १७ फेब्रुवारी

कोपऱ्यावर फुलवाली बसते. माझ्याच वयाची असेल आणि मला आजी म्हणते! पहिल्या दिवशी इतका राग आला होता. पण या गावात माझी चौकशी करणारं तेवढंच एक माणूस आहे. गुडघे कसे आहेत, सून बोलते का नीट, सगळं विचारते. सूनबाई कामावरून येताना तिच्याकडूनच फुलं आणतात, हॉलमधल्या फुलदाणीत रोज ताजी असतात.

आज तिच्या शेजारच्या जुन्या जिन्याचा फोटो काढला. पायऱ्यांवर तिरकं ऊन, फार सुरेख आलं होतं. एका कडेला फुलवालीचं कोपर आणि तिची निळी बादली. हात थोडा अडखळला. मग स्वतःलाच हसले. म्हातारपणी भुताखेतांवर विश्वास ठेवायचा का? कातरलं.

सोमवार, १८ फेब्रुवारी

ती नाही.

तिची जागासुद्धा नाही. तिथे भिंत आहे, जुनी, शेवाळलेली. शेजारच्या वाण्याला विचारलं, तो म्हणाला इथे कुणी फुलं विकत नाही. घरी आले तर फुलदाणीत कापडी फुलं. बोट लावून बघितलं. पाकळ्यांवर काही वर्षांची धूळ, चिकट झालेली.

ती माझी विचारपूस करायची आणि मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

कॅमेरा कपाटात टाकला आहे. कुणाला सांगू? सांगितलं तर डॉक्टरकडे नेतील.

आज रात्री त्यांना वाटलं मी झोपले आहे. सूनबाई मुलाला सांगत होत्या की ठकी मोठी होतेय, तिची खोली अभ्यासाला पुरत नाही. मागची खोली मिळाली तर टेबल मावेल. आणि त्यांच्या मैत्रिणीच्या सासूला जिथे ठेवलंय ती जागा खूप छान आहे, मोठी बाग आहे, आईंना फोटो काढायला बरं पडेल.

फोटो काढायला बरं पडेल!

त्यांचं मला काही वाटलं नाही, त्या परक्या घरून आल्या. मुलगा काय म्हणतो म्हणून मी कान देऊन बसले. तो म्हणाला, बघू. लहानपणी काही हवं असलं की मी त्याला बघू म्हणायचे आणि तो समजायचा की आता मिळणार.

मी घर दिलं ते याच्या भरवशावर. मी जाऊ कुठे?

शनिवार, २३ फेब्रुवारी

बाल्कनीत सूनबाई ठकीची वेणी घालत होत्या. पोरीने ओढ बसली की डोळे मिटायचे आणि सुटली की हसायचं, असा खेळ चालवला होता. मी कॅमेरा काढला. नुसता नातीचा फोटो हवा होता. अगदी नुसता.

असा फोटो मी आजवर काढला नव्हता. चेहऱ्यावर ऊन, एक बट उडालेली, डोळे नुकते उघडलेले. आणि डाव्या कडेला सूनबाईंचा हात. मनगट, घड्याळ, कंगवा. बाकी बाई फोटोबाहेर.

संध्याकाळपर्यंत लॅपटॉप उघडा ठेवून बसले. जेवायला हाक आली ती सूनबाईंचीच. जेवताना त्यांनी मला भाजी वाढली आणि गोड आवाजात म्हणाल्या, उद्या रविवार, आपण सगळे एक बाग बघायला जाऊ या का? मुलगा ताटाकडे बघत होता.

खोलीत आले. हात कातरला. मूळ फोटो पुसला.

मला माहीत नव्हतं असं उद्या म्हणेन, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. मला माहीत होतं. मी रागात केलं, आणि करताना बरं वाटलं.

रविवार, २४ फेब्रुवारी

सूनबाई नाहीत. त्यांच्या चपला नाहीत, कपाटात साड्या नाहीत. मुलगा इस्त्री न केलेल्या शर्टात पेपर वाचत होता. मला बघून उठला, चहा केला, माझ्यापुढे ठेवला. कितीतरी वर्षांनी त्याने माझ्यासाठी चहा केला.

ठकीला उठवायला गेले.

तिच्या खोलीत व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर टॉवेल वाळत घातलेत. पलंग नाही. दप्तर नाही. मी सगळी दारं उघडली. कपाटं उघडली. पलंगांखाली बघितलं. मुलगा मागून येत होता, विचारत होता काय हरवलं. मी म्हटलं, ठकी. तो म्हणाला, ठकी म्हणजे कोण? मी म्हटलं, तुझी मुलगी. तो हसला. आई, माझं लग्न तरी होऊ दे आधी.

मी तिला कातरलं नाही. ती तर मधोमध होती. फोटोत अजूनही आहे, हसते आहे. अर्धी वेणी घातलेली.

आईच नाही तर पोर कुठून असणार? एवढी साधी गोष्ट मला काल सुचली नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी

मुलगा फार चांगला वागतो. माझे पाय चेपून दिले. म्हणतो, आपण दोघंच तर आहोत एकमेकांना.

हेच हवं होतं मला. अगदी हेच. घास उतरत नाही.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

मास्तरांकडे गेले. पाया पडायची बाकी ठेवली. म्हटलं, मूळ फोटो परत द्या, कुठूनही काढून द्या. ते म्हणाले, पुसलेलं पुसलं. मी लॅपटॉपवर दाखवलेला ठकीचा फोटो मात्र बघत बसले. म्हणाले, आता यात हवं तेवढंच उरलंय. मग विचारलं, गोड मुलगी आहे, कुणाची?

मी ओरडले त्यांच्यावर. हे सगळं तुमच्यामुळे, तुम्हीच शिकवलंत. त्यांना राग आला नाही. म्हणाले, कडेचं काढायला मी शिकवतो, कडेला कोण आहे हे ज्याचं त्याने बघावं. भिंतीवर त्यांचे स्वतःचे फोटो लावलेत. सगळी रिकामी अंगणं. रिकाम्या खुर्च्या. एक रिकामा पाळणा.

निघताना ते म्हणाले, फोटो काढणारा कधी फोटोत नसतो, एवढी एक सोय आहे या कामात.

रस्त्यात थांबले. फोटो काढणारा.

मीच या घरात आले नसते तर? कॅमेरा माझ्या हातात पडला नसता. बाल्कनीतला तो फोटो निघालाच नसता. सूनबाई असत्या. ठकी असती. मागच्या खोलीत तिचं टेबल असतं.

बुधवार, २७ फेब्रुवारी

सकाळ. केलं.

मुलाला म्हटलं, दोघांचा एक फोटो काढू. कॅमेरा टेबलावर ठेवला, आपोआप निघेल असा. तो शेजारी येऊन बसला, खांद्यावर हात टाकला. इतका जवळ बसला की मला रडू आलं. त्याला वाटलं, आनंदाने.

मग तो दाढी करायला गेला आणि मी लॅपटॉप उघडला. मी डाव्या कडेला. मला कातरलं. त्याची बोटं माझ्या खांद्यावर, ती तेवढी गेली. बाकी तो सगळा राहिला. मूळ पुसलं. बंद केलं.

आता नुसतं बसायचं. भीती नाही वाटत. ठकी येईल. वेणी अर्धी राहिलीय, तिची आई पुरी करेल. मला कुणी आठवणार नाही, नको आठवू दे. सूनबाई, खोली घ्या. टेबल खिडकीपाशी लावा, तिथे ऊन चांगलं येतं. मुलगा तेवढा सांभाळा, त्याला सर्दी लवकर होते, लहानपणापासून, जन्मला तेव्हाच इतका बारीक होता की डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या आईच्या अंगाशी ठेवा, आईच्या —

आई.

सूनबाई गेल्या म्हणून ठकी गेली.

मग मी गेले तर —

नळ चालू होता आत्ता. तो गुणगुणत होता.

नाही नाही नाही. लॅपटॉप. मूळ नाही. मीच पुसलं. मी —

हाक मारली. ओ देत नाही. न्हाणीचं दार उघडं, फरशी कोरडी. आरशापाशी ब्रश नाही, काही नाही. टेबलावर दोन कप होते, मी स्वतः ठेवले, दोन —

पुन्हा हाक मारते. नावाने मारते. नाव मीच ठेवलं होतं, मांडीवर घेऊन, कानात सांगितलं होतं, त्याचं नाव