खिडकीबाहेरून आलेला ‘ठ’

तीर्थस्वरूप गोविंदन भावोजींच्या सेवेशी, त्रिशूरहून मेहुणा राघव याचे दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि ताईचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा.

निवृत्तीनंतर पेजेच्या वाडग्यासमोर शाळेतल्या कविता पुटपुटत बसण्यापेक्षा मी विद्यापीठाच्या वर्गात फुकटचा श्रोता म्हणून जातो. विषय : साहित्यिक खेळ आणि वंशांचा तुलनात्मक अभ्यास. (नाव वाचूनच अर्धी मुलं पळाली, उरलेल्या आठांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही.) प्रत्येकाने आपल्या समाजाचा खेळ आणायचा होता. मी अक्षरश्लोक नेला आणि तक्त्यात ऐटीत लिहिलं, आम्हा देवळाच्या माणसांचा खेळ. एकाने श्लोक म्हणायचा, त्याची तिसरी ओळ ज्या अक्षराने सुरू होते त्या अक्षराचा श्लोक दुसऱ्याने. अडला तो बाद.

वर्ग घेणाऱ्या रोसम्माबाईंनी विचारलं, “मास्तर, तुमच्यासमोर शेवटपर्यंत टिकायचं कोण? त्याचा समाज लिहा की.” नाव इट्टूपचं घ्यावं लागलं. ख्रिस्ती सुताराचा मुलगा. देवळाच्या मंडपात मज्जाव, म्हणून खिडकीबाहेर उभा राहून उत्तरं द्यायचा. आम्ही चोवीस वर्षांचे असताना अंतिम फेरीत मी त्याच्यावर ‘झ’ टाकला. त्याने चटकन श्लोक म्हणून माझ्यावर ‘ठ’ ठेवला. मी अडलो. पंच म्हणाले, बाहेरचा आवाज धरायचा नाही, राघव विजयी. मीही पदक घेतलं. (वर्गात एवढं सविस्तर सांगितलं नाही.) इट्टूप वारला त्याला आता नऊ वर्षं झाली.

मग प्रात्यक्षिक. मुलांची जिरवावी म्हणून मी मुद्दाम श्लोक ‘झ’वर सोडला. मुलं फोन चाचपू लागली, आणि सकाळी अकराच्या लख्ख उन्हात खिडकीबाहेरून श्लोक आला. तोच आवाज, चोवीस वर्षांचा, वृत्तात कुठे खोट नाही. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, भावोजी, आणि खिडकीला सज्जा नाही. (मी पाहून आलो. दोनदा.) नफीसा नावाची चुणचुणीत मुलगी म्हणाली, “आजोबा, स्पीकर कुठे लपवलात ते नंतर सांगा. आता तुमच्यावर ‘ठ’ आहे.” मी पाणी मागितलं. बाईंनी कल्पकतेला पैकीच्या पैकी गुण देऊन खिडकी लावली. तरी बाहेर कुणीतरी हळूच घसा खाकरला, अडलेल्याला वेळ द्यावा तसा.

आपला,
राघव पोदुवाळ

ता. क. : त्या स्पर्धेचं सोन्याचं पदक हरवलं असं मी सांगत आलो, ते खोटं. ताईच्या लग्नात तिच्या बांगडीत आटवलं. ती बांगडी पाठवा. इट्टूपच्या मुलीला द्यायची आहे. ताईला सांगा, पॉलिशला हवी.

ता. क. दुसरा : ताई नाही म्हणाली (म्हणेलच), तर निदान ‘ठ’चा एखादा श्लोक पाठवा. अनुष्टुभ वृत्त या खेळात चालत नाही. गुरुवारपर्यंत थांब, असं मी आज त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून सांगितलं. “थांबतो की,” म्हणाला, “बाहेर उभं राहायची मला सवय आहे.”