तार आली की आधी घाबर

चिमणे,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. बाबांना घेऊन दवाखान्यात जातेय. रिपोर्ट आज मिळणार आहेत.

तुझ्या संगीत नाटकाची वही काल दुपारी वाचून काढली. तू खुणा केल्या होत्यास तिथे पेन्सिलने अर्थ लिहिलेत. ट्रंक कॉल म्हणजे परगावचा फोन. आधी नोंदवायचा आणि मग तासन्‌तास वाट बघत बसायचं. खिडक्यांना काळे कागद लावतात ते युद्धामुळे, विमानांना उजेड दिसू नये म्हणून.

तारेचं गाणं मात्र नीट समजून घे. तुझी नायिका तारवाल्याला बघून नाचतच दार उघडते. अगं, तारवाला दारात दिसला की कुणीतरी गेलं, असंच आधी वाटायचं! मामा घर सोडून गेला, त्याला आठ महिने झाले होते. तार आली तेव्हा आजीने ती उघडलीच नाही. माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू वाच, पण हळू वाच." आत तीनच शब्द होते : "येतोय. जेवायला थांबा." आजी उंबऱ्यावरच बसली आणि हसता हसता रडायला लागली.

तेव्हा नाच, पण वाचून झाल्यावर. दिग्दर्शकांना सांग, आई म्हणाली म्हणून.

तालमीत फोन जवळ ठेव. कळलं की लगेच करीन.

बाबा दारात चपला घालून तुझंच गाणं गुणगुणतायत. चाल साफ चुकतेय. संध्याकाळी तूच शिकव त्यांना.

आई