माझ्या खुर्चीत मिसेस पेल

वूस्टर,
सप्टेंबरचा दुसरा मंगळवार, संध्याकाळ

प्रिय बर्नडेट,

तुला तुझ्या सेसिलीचं पोटभर प्रेम. गुडघा कसा आहे? व्हिटबीचा समुद्रवारा त्याला मानवणार नाही, हे तू तिथे घर घेतलंस तेव्हाच मी म्हटलं होतं. पण तू कॉन्व्हेंटातही कुणाचं ऐकायची नाहीस. मांजर बरी असावी. आमच्याकडे सगळं ठीक. माझा नवा खुबा छान चालतो, हंफ्रीची भूक शाबूत आहे, आणि मला कुणाचाही हेवा वाटत नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण पुढचं वाचून तुझा तसा समज होईल.

तुला माहीतच आहे, काउंटीच्या क्रिकेट मैदानावर सभासदांच्या खुर्च्यांवर कुणाचं नाव नसतं. तरी प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते आणि ती माणसाबरोबरच जाते. तिसरी रांग, समोर कॅथीड्रल, कडेला हंफ्री आणि त्याच्या डावीकडे मी, अशी एकतीस वर्षं गेली. (त्यातली बरीचशी मी विणण्यात घालवली, पण बसले होते ना.) खुब्यापायी मधले दोन मोसम हुकले. या एप्रिलमध्ये दोन घोंगड्या आणि चहाचा थर्मास घेऊन मी पोचले, तर माझ्या खुर्चीत एक बाई. मिसेस डॅफ्नी पेल. विधवा, ताठ पाठीच्या, मांडीवर धावा लिहायची वही आणि चार रंगांच्या पेन्सिली. चौकाराला हिरवी, बळीला लाल. त्या लगेच उठायला लागल्या. “तुमची जागा ना ही? मी मागे जाते.” आणि कॉन्व्हेंटात सिस्टर युफ्रेशियाच्या हाताखाली सात वर्षं काढलेली मी म्हणाले, “छे छे, बसा. मला कुठेही चालतं.” आता, बर्नडेट, आपल्या देशात जन्मलेल्या कुणालाही याचा अर्थ कळतो. यावर समोरच्यानं निदान दोनदा ‘नाही हो, तुम्हीच बसा’ म्हणायचं असतं. त्या बसल्या.

तेव्हापासून मी चौथ्या रांगेत. अख्खा मोसम मी क्रिकेट पाहिलेलं नाही, दोन माना पाहिल्या आहेत. हंफ्रीही वही ठेवतो, हे तुला ठाऊक आहे. दर षटक संपलं की तो विचारतो, “सत्त्याण्णव?” आणि त्या म्हणतात, “सत्त्याण्णव.” आमच्या लग्नात पाद्र्यासमोरसुद्धा त्याच्या आवाजात इतका जिव्हाळा नव्हता. मे महिन्यात एकदा दोघं एका लेगबायवर हसले. लेगबायवर हसण्यासारखं काय असतं, हे मला कुणीतरी सांगावं.

जुलैत त्याला बर्मिंगहॅमच्या कसोटीची दोन तिकिटं मिळाली. टोस्टला लोणी लावता लावता म्हणाला, “येतेस ना?” मी म्हणाले, “मिसेस पेलना ने. त्यांना त्यातलं जास्त कळतं.” (पुन्हा तेच. सिस्टर युफ्रेशिया वारल्या, पण माझ्या तोंडात अजून त्याच बोलतात.) हंफ्री म्हणाला, “चालेल,” आणि दुसऱ्या टोस्टकडे वळला. एकेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस.

मी दोघांसाठी हॅमची सँडविचं बांधून दिली. मिसेस पेलच्या पुडीत मोहरीची ती नाकातून जाणारी पिवळी पेस्ट जरा सढळ हातानं घातली. जरा म्हणजे अर्धी बाटली. मग टीव्ही लावून बसले. पण मिसेस पेल शाकाहारी निघाल्या. जेवणानंतर लगेच आपला सलामीवीर शून्यावर बाद झाला, आणि कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला तो थेट माझ्या नवऱ्यावर. दोन्ही पुड्या संपवलेला हंफ्री ढसाढसा रडत होता आणि मिसेस पेल आपल्या रुमालानं त्याचे डोळे पुसत होत्या. समालोचक म्हणाला, हल्ली इतक्या हळव्या मनाचे क्रिकेटप्रेमी कुठे दिसतात. संध्याकाळच्या बातम्यांनंतर ते पुन्हा दाखवलं. रविवारी चर्चबाहेर फादर डनस्टननी माझा हात जरा जास्तच वेळ धरला. “घरी सगळं ठीक ना, सेसिली?” मी म्हणाले, मोहरी होती. त्यांनी मान हलवली, कबुलीजबाब ऐकताना हलवतात तशी.

तेव्हाच ठरवलं, मोसम संपायच्या आत खुर्ची परत. काल शेवटचा सामना सुरू झाला. फाटक उघडायच्या आधीच मी रांगेत उभी, हातात उशी. मिसेस पेल आल्या तेव्हा मी माझ्या जागेवर विणत होते. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “सुटले बाई. मला वाटत होतं, तुम्हालाच यांच्या शेजारी बसायचं नाही.” आणि मुकाट चौथ्या रांगेत गेल्या. आता माझ्या मानेवर त्यांची नजर असते. ती किती उबदार लागते म्हणून सांगू.

तुझीच,
सेसिली

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. जिंकल्याच्या भरात मी हंफ्रीला सांगून बसले की यापुढे दुसरी वही मी ठेवीन. शाळेत माझी धावांची वही तू लिहायचीस आणि तुझं भरतकाम मी करायचे, हे त्याला कधीच सांगितलेलं नाही. काल आणि आज तो जो आकडा म्हणाला, तोच मी म्हणाले. वही कोरी आहे. गुरुवारी सामना संपला की तो दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताळा करणार. पत्र मिळताच सकाळी आठला फोन कर, तो तेव्हा अंघोळीत असतो. वाइडला काय खूण करतात आणि लेगबाय कुणाच्या नावावर लिहितात, तेवढं सांग.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवता चिकटवता आठवलं. आज चहानंतर तो म्हणाला, “दोनशे चार?” मी म्हणाले, “दोनशे चार.” पुढच्या षटकानंतर म्हणाला, “आठशे?” माझे टाके मोजणं चालू होतं, मी म्हणाले, “आठशे.” मागे मिसेस पेल खोकल्या. आता डोळ्यांसमोर फलक येतो तर त्यावर एकशे अठरा होते, म्हणजे दोनशे चारही त्यानं बनवलेलेच. हंफ्रीनं पेन्सिल खिशात टाकली आणि आपली अर्धी घोंगडी माझ्या गुडघ्यांवर सारली. फोन सवडीनं केलास तरी चालेल.