एकोणीस किलो कमी

पप्पा,

मी कामावर निघालेय. भाकऱ्या डब्यात आहेत, भाजी तेवढी गरम करून घ्या.

तुमची बुलेट खाली जिन्यापाशी उभी आहे. गिऱ्हाईक बघायला नेली असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. सॉरी. लालबागच्या सिग्नलला ती तुमच्या अंगावर कलंडली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "भंगारात घाल, मला आता झेपत नाही." त्यातलं मी फक्त 'झेपत नाही' एवढंच ऐकलं.

पाच महिने दर रविवारी मी वडाळ्याला जगदीशकाकांच्या घरी, त्यांच्या हाताखाली तिच्यावरच काम करत होते. लोखंडी गार्ड, कॅरियर, बाजूचे डबे काढले. रिम अ‍ॅल्युमिनियमच्या बसवल्या. इंजिन तुमचंच आहे, मी स्वतः उघडून साफ केलंय. वजन एकोणीस किलोंनी उतरलं. सीट खाली घेतलीय, डावा पाय पूर्ण टेकेल. मी तुमच्याएवढं वजन मागे बांधून चालवून पाहिलीय. ती पडणार नाही.

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलेला कागद तुम्ही गादीखाली ठेवलाय. चादर बदलताना मी तो वाचला.

चावी टीव्हीवर आहे. आधी नुसते बसून बघा. जगदीशकाका खाली पेपर वाचत बसलेत, हाक मारलीत तरच येतील. बघायला कोणी नको म्हणून मी मुद्दाम लवकर निघाले.

संध्याकाळी मी काही विचारणार नाही. आल्यावर सायलेन्सर गरम आहे का, तेवढं हात लावून बघेन.

मनवा